शहात्तर रेखांशाच्या अल्याड-पल्याड

शुक्रवार, २० डिसेंबर २०२४

पुण्याहून संध्याकाळी सुटणाऱ्या हुतात्मा एक्स्प्रेसमध्ये बसलो तेव्हा माझ्या तीन नगांपैकी कपड्यांची पिशवी सर्वांत हलकी होती. उरलेल्या दोन पिशव्यांत दहा वॉटचा ट्रान्सीव्हर (संदेश घेणारे आणि पाठवणारे यंत्र), बारा व्होल्टची लिथियम बॅटरी, तांब्याच्या तारेची दोन भेंडोळी, मल्टिमीटर, सोल्डरिंग आयर्न, नायलॉनची दोरी आणि लॉगची वही असा ऐवज होता. मी हौशी रेडिओ चालवतो. केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाची परीक्षा देऊन परवाना मिळवायचा, मिळालेल्या कॉलसाइनने, म्हणजे ओळखीच्या अक्षर-अंकांनी, ठरावीक कंपनसंख्यांवर जगभरातील इतर परवानाधारकांशी बोलायचे आणि त्यातून कोणताही आर्थिक लाभ घ्यायचा नाही, असे या छंदाचे स्वरूप आहे. माझी सुरुवात ‘व्हीयू३’ने सुरू होणाऱ्या मर्यादित दर्जाच्या परवान्याने झाली आणि मिनिटाला आठ शब्द या गतीने मोर्स, म्हणजे ठिपके-रेषांची सांकेतिक लिपी, घेण्या-पाठवण्याची परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर ‘व्हीयू२’ मिळाले.

पुण्यातील आमच्या इमारतीच्या गच्चीवर अँटेना लावू देत नाहीत, त्यामुळे वर्षभर मी खिडकीतून बाहेर सोडलेल्या एका तारेवर भागवतो. त्या तारेला दूरच्या स्थानकापेक्षा शेजारच्या लिफ्टचा आणि चार्जरांचा आवाजच अधिक येतो. या छंदात बोलण्यापेक्षा ऐकण्याचे काम कितीतरी मोठे आहे. समोरच्याचा क्षीण संदेश कानाला लागलाच नाही तर आपल्याजवळ हजार वॉट असून उपयोग नाही. म्हणून दर हिवाळ्यात चार दिवस काढून मी सोलापूरला मामांकडे जातो. तेथे मोकळी गच्ची आहे, आणि शहराबाहेर दहा-वीस किलोमीटर गेले की ज्वारीच्या शेतांखेरीज काही नाही.

यंदा आणखी एक हेतू होता. हौशी रेडिओवाल्यांनी पृथ्वीचा पृष्ठभाग दोन अंश रेखांश आणि एक अंश अक्षांश अशा चौकोनांत विभागला असून प्रत्येक चौकोनाला दोन अक्षरे आणि दोन अंक यांचे नाव दिले आहे. पंढरपूर, कराड आणि सोलापूर शहर ‘एमके७७’ या चौकोनात येतात. हा चौकोन ७६ अंश पूर्व रेखांशावर संपतो आणि ते रेखांश सोलापूरच्या पूर्वेला साधारण दहा किलोमीटरवरून जाते. त्यापलीकडे ‘एमके८७’ सुरू होतो. अक्कलकोट, नळदुर्ग, उमरगा, कलबुर्गी, बिदर एवढा मुलूख त्यात मोडतो, तरी तेथून बोलणारी स्थानके फार थोडी ऐकू येतात. जगभर चौकोन गोळा करणाऱ्यांना हा चौकोन आपण मिळवून द्यावा, ही इच्छा माझ्या मनात दोन वर्षे होती.

रात्री दहाच्या सुमारास गाडी सोलापूर स्थानकात शिरली. मामा न्यायला आले होते. माझ्या हातातील जड पिशवी घेताना ते एवढेच म्हणाले, “यंदा वजन वाढलंय बघ.” ती बॅटरीची पिशवी होती.

शनिवार, २१ डिसेंबर

वर्षातील सर्वांत लहान दिवस आज होता. मामी दर वर्षी दाते पंचांग घेतात. ते सोलापुरातच निघते, त्यामुळे या घरात ते आपल्या गल्लीतील वस्तू असल्याच्या आपुलकीने ठेवलेले असते. रात्री झोपण्यापूर्वी मी त्यावरून आणि रेखांशाच्या हिशेबाने सूर्योदयाची वेळ काढली होती, सातला सात-आठ मिनिटे कमी. चाळीस मीटरच्या बँडवर, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या आसपास, सूर्योदयाच्या आधीची वीस-पंचवीस मिनिटे मोलाची असतात. दिवसा वातावरणात खालच्या बाजूला जो थर तयार होतो तो या लहरी शोषून घेतो. रात्री तो विरतो आणि उगवतीच्या वेळी तो पुन्हा जमण्यापूर्वी वरच्या थरावरून आदळून लहरी फार दूरवर जातात. आपल्याकडे पहाट होत असताना युरोपात मध्यरात्र उलटून गेलेली असते आणि मधला सगळा मार्ग अंधारात असतो.

पाच वाजता गच्चीवर गेलो. प्रत्येक बाजूला दहा मीटर अशी वीस मीटरची तार जिन्याच्या खोलीवरून दोन्ही कठड्यांकडे उतरती ताणली, मध्यभागी केबल जोडली आणि हेडफोन कानाला लावला. ऐकू आला तो एकसारखा करकराट. कढईत सतत काहीतरी तळत असावे तसा तो आवाज सगळ्या बँडभर पसरला होता आणि त्याखाली कुठेतरी माणसाचा स्वर असल्याचा फक्त भास होत होता. मामांचे घर शहराच्या पूर्व भागात, अशोक चौकाच्या बाजूला आहे. गल्लीत तीन-चार ठिकाणी यंत्रमाग चालतात. हा त्या मागांचाच गोंगाट, असे मी गेली कित्येक वर्षे गृहीत धरत आलो होतो.

एवढ्यात एका दक्षिण भारतीय स्थानकाची हाक त्यातल्या त्यात स्पष्ट ऐकू आली, म्हणून उत्तर द्यायला मायक्रोफोनचे बटण दाबले. ट्रान्सीव्हरमधून काहीच बाहेर पडले नाही. मापकाची सुई जागची हलली नाही. केबलचे टोक उघडून पाहिले तर बाहेरच्या जाळीचा केसाएवढा एक धागा आतल्या तारेला टेकलेला होता. तो जोड मी पुण्यात निघायच्या गडबडीत केला होता. शॉर्ट झालेल्या केबलमध्ये शक्ती सोडल्यामुळे शेवटच्या टप्प्यातले दोन ट्रान्झिस्टर गेले होते. लहान दिवसाची पहाट अशी गेली.

माझा ट्रान्सीव्हर ‘यूबिटेक्स’ आहे. हैदराबादचे अशहर फरहान यांनी त्याची रचना केली. त्यांच्या आधीच्या ‘बिटेक्स’मध्ये आयात केलेल्या फेराइट कड्या सहजी मिळत नाहीत म्हणून कॉइल गुंडाळायला नळाचे वॉशर वापरले होते, आणि त्यामुळे आपल्याकडच्या कितीतरी लोकांना स्वतःच्या हाताने ट्रान्सीव्हर बांधता आला. त्या परंपरेतील यंत्र असल्यामुळे ते दुरुस्त करण्यासाठी कंपनीकडे धाडावे लागत नाही. आयआरएफ५१० या नंबराचे दोन ट्रान्झिस्टर मिळाले की काम झाले.

ते मिळवण्यात मात्र सगळी सकाळ गेली. नवी पेठेच्या परिसरातील पहिल्या दुकानात आयआरएफ५४० होता. दुकानदाराने मला समजावले, “हा त्याच्यापेक्षा मोठा आहे की वो, जास्त करंट घेतो, हाच टाका.” इन्व्हर्टरसाठी त्यांचे म्हणणे अगदी खरे आहे. पण ५१० च्या गेटची धारिता, म्हणजे विद्युतभार साठवण्याची क्षमता, १८० पिकोफॅरडच्या आसपास असते आणि ५४० ची सतराशेच्या. सेकंदाला दोन-तीन कोटी वेळा ती भरायची आणि रिकामी करायची म्हटल्यावर मोठा ट्रान्झिस्टर लहानाहून लंगडा पडतो. दुसऱ्या दुकानात ८४० आणि झेड४४ होते, तिसऱ्यात मोबाइलचे सुटे भाग. चौथे दुकान पूर्वी टीव्ही दुरुस्तीचे होते. तेथील वयस्कर गृहस्थांनी नंबर ऐकला, काही न बोलता मागच्या खोलीत गेले आणि औषधांच्या रिकाम्या डब्यांनी भरलेला एक खण घेऊन आले. प्रत्येक डब्यावर बॉलपेनने नंबर लिहिलेले होते. त्यांनी तिसरा डबा उघडून चार ट्रान्झिस्टर तळहातावर ओतले, चष्मा कपाळावर सरकवला आणि ते डोळ्यांजवळ धरून एकेकावरचा छाप वाचला. चारही ५१० होते. “कुणी ऑर्डर दिली होती, घ्यायला आलंच नाही,” ते म्हणाले. मी चारही घेतले. त्यांनी पैसे घेण्याआधी मल्टिमीटरवर प्रत्येक तपासून दिला, ही गोष्ट मला नोंदवून ठेवावीशी वाटते.

केबलही तेथूनच पुढच्या डिश अँटेनाच्या दुकानातून घेतली. रेडिओवाल्यांची पन्नास ओहमची केबल येथे मिळाली नाही. मिळाली ती टीव्हीची पंचाहत्तर ओहमची आरजी-६. मध्ये कापलेल्या अर्ध्या तरंगलांबीच्या तारेचा अवरोध मोकळ्या जागेत त्र्याहत्तर ओहम असतो, त्यामुळे ही केबल तिला चांगली जुळते आणि आरजी-५८ पेक्षा तिच्यात शक्ती कमी वाया जाते. ती स्वस्तही आहे. नव्याने या छंदात आलेल्यांनी पन्नास ओहमच्या हट्टापायी अडून बसू नये.

दुपारी बांबू पाहायला गेलो. मला तीस फुटी, सरळ आणि शेंड्याकडे फार बारीक न होणारी काठी हवी होती. बुरुडाच्या दुकानातील माणसाने दहा-बारा बांबू बाजूला सारून मागचा एक ओढून काढला, एक टोक जमिनीला टेकवून दुसरे डोळ्यासमोर धरले आणि काठी स्वतःभोवती फिरवत तिचा बाक पाहिला. “नंदीध्वजाला नको ना?” त्याने विचारले. सिद्धेश्वरांच्या यात्रेतील सात नंदीध्वजांच्या काठ्या पेलण्याचा सराव या दिवसांत रात्री चालू असतो आणि संक्रांत तीन आठवड्यांवर आली होती, त्यामुळे डिसेंबरात लांब सरळ काठी मागणाऱ्याला सोलापुरात हाच प्रश्न विचारला जाणार. मी रेडिओची तार टांगायची आहे असे सांगितल्यावर तो म्हणाला की मग एवढी भारी काठी कशाला, वजनाला हलकी देतो, वाऱ्याला लवेल पण मोडणार नाही. त्याचे म्हणणे पुढे तंतोतंत खरे ठरले.

ट्रान्झिस्टर बदलून, दोघांचा बायस, म्हणजे संदेश नसतानाही वाहणारा प्रवाह, प्रत्येकी शंभर मिलिअँपिअरवर लावून झाला तेव्हा पाच वाजले होते. मापकाची सुई हलली. पण करकराट होताच, आणि आता त्याचा मूळ धागा शोधायचा असे मी ठरवले.

पहिली पायरी म्हणून मामांच्या परवानगीने घराचा मुख्य एमसीबी बंद केला. ट्रान्सीव्हर बॅटरीवर होता. आवाजात काडीचा फरक पडला नाही, म्हणजे दोष आपल्या घरात नव्हता. मग मामांचा जुना खिशातला ट्रान्झिस्टर घेतला, मध्यम लहरींवर स्थानक नसलेली जागा लावली आणि तो हातात आडवा धरून सावकाश फिरवू लागलो. अशा रेडिओत आत फेराइटची एक कांडी असते. तिचे टोक आवाजाच्या उगमाकडे वळले की आवाज एकदम पडतो. त्या पडण्याची जागा फार अरुंद असते, मनगट दोन अंशांनी हलले तरी ती हुकते, म्हणून श्वास रोखून फिरवावे लागते. गच्चीच्या एका कोपऱ्यातून एक दिशा मिळाली, दुसऱ्या कोपऱ्यातून दुसरी. दोन्ही दिशा मागांच्या शेडवर जुळायला हव्या होत्या. त्या जुळल्या शेजारच्या घराच्या पहिल्या मजल्यावरील खिडकीत.

खाली उतरून गल्लीत मागांच्या शेडजवळ रेडिओ धरून पाहिला. आत चार माग धडधडत होते, बोलणेही ऐकू येत नव्हते, पण रेडिओत करकराट गच्चीवरच्यापेक्षा कमी होता. कारण उघड आहे. या मागांच्या मोटारी इंडक्शन जातीच्या असतात, त्यांत ठिणग्या पाडणारे ब्रश नसतात. कानाला होणारा गोंगाट आणि रेडिओला होणारा गोंगाट यांचा एकमेकांशी संबंध असतोच असे नाही, आणि इतकी वर्षे मी हातमाग-यंत्रमागांच्या या गावाला विनाकारण दोष देत होतो.

शेजारच्या घरात एक तेलुगूभाषक आजी राहतात. त्यांच्या देवघराभोवती दिवाळीत लावलेली एलईडी दिव्यांची माळ होती आणि ती चोवीस तास चालू असे. तिचा अडॅप्टर हाताएवढाही नव्हता. अशा अडॅप्टरमध्ये वीज सेकंदाला हजारो वेळा तोडली-जोडली जाते. त्यातून निघणारा उपद्रव अडवण्यासाठी जे घटक बसवायला हवेत ते स्वस्त मालात बसवलेले नसतात आणि माळेची लांब तार अँटेनासारखी तो सर्वत्र फेकते. मी संकोचत विनंती केली की पहाटे दोन तास ही माळ बंद ठेवाल का. आजींनी जागेवरूनच बटण बंद केले. “सकाळपर्यंत बंदच राहू दे की. देवाला समई आहे.”

गच्चीवर परत येऊन हेडफोन लावला. सात मेगाहर्ट्झवर आता माणसे होती, एकावर एक, किती तरी. मी जेवायला खाली गेलो तेव्हा नऊ वाजून गेले होते आणि मामींनी कडक भाकरीवर घट्ट दह्यात कालवलेली शेंगाचटणी वाढून ताट झाकून ठेवले होते.

रविवार, २२ डिसेंबर

पहाटे सव्वासहापासून सूर्योदयापर्यंत सात मेगाहर्ट्झवर मोर्समध्ये युरोपातील पाच स्थानके ऐकली आणि त्यांपैकी दोघांशी बोलणे झाले. एकाचा संदेश सूर्य वर येता येता दोन मिनिटांत असा विरत गेला की त्याचे शेवटचे ‘७३’, म्हणजे आमच्यातला रामराम, मला अर्धवटच मिळाले. उरलेले मी समजून घेतले.

साडेनऊला मामा, मामेभाऊ, त्याची अकरा वर्षांची मुलगी आणि मी असे जीपने हैदराबाद रस्त्याला लागलो. बांबू टपावर बांधला होता आणि त्याच्या पुढच्या टोकाला लाल फडके. मुलीने मोबाइलवर रेखांश उघडून धरले होते. ७५.९७, ७५.९८ असे आकडे ती मोठ्याने वाचत होती आणि ७६.०० झाल्याबरोबर तिने गाडी थांबवायला लावली. रस्त्याच्या कडेला एक बाभूळ, पाण्याची फुटकी टाकी आणि दूरवर तूर. ती खाली उतरून एक पाय इकडे आणि एक पाय तिकडे ठेवून उभी राहिली.

पुढे जाताना मामांनी किल्लारीची आठवण काढली. १९९३ च्या अनंत चतुर्दशीची रात्र, विसर्जन आटोपून लोक झोपलेले, आणि ३० सप्टेंबरच्या पहाटे चार वाजायला चार मिनिटे कमी असताना सोलापूरही हादरले. घरातली सगळी माणसे गल्लीत आली आणि उजाडेपर्यंत कोणी आत गेले नाही. कुठे काय झाले हे कोणालाच ठाऊक नव्हते. दुपारनंतर याच रस्त्याने जखमींच्या गाड्या येऊ लागल्या, असे मामांनी सांगितले. त्या भूकंपानंतर हौशी रेडिओवाल्यांनी संदेशवहनाचे काम केले होते, तसेच २००१ मध्ये भूजला आणि २००४ च्या त्सुनामीत अंदमानला. अंदमानात तर भारती प्रसाद आणि त्यांचे सहकारी जगाशी हौसेने बोलण्यासाठीच गेले होते आणि त्सुनामीनंतर त्यांचे ते स्थानक बेटांचा मुख्य भूमीशी दुवा बनले. मोबाइलच्या काळात या छंदाची गरज काय, असे मला अनेकदा विचारले जाते. मामांनी तो प्रश्न मला कधीच विचारलेला नाही, आणि त्याचे कारण मला आज कळले.

मामेभावाच्या मित्राचे शेत बोरामणीच्या अलीकडे आहे. काळी जमीन, मालदांडी ज्वारी कमरेच्या वर, मध्ये विहीर आणि विहिरीवर एक मोठा लिंब. वीज फक्त पंपापुरती आणि आज तिची पाळी रात्रीची होती. बॅटरीला ट्रान्सीव्हर जोडून केवळ दोन मीटर तार जमिनीवर टाकली आणि ऐकले. काही नाही. मी आवाजाची कळ पूर्ण फिरवली तेव्हा कुठे एक मऊ सळसळ ऐकू आली, जी यंत्राची स्वतःची असते. वर्षभर ज्यासाठी तळमळतो ते हेच, आणि ते पहिल्यांदा ऐकले की मी नेहमी थोडा वेळ नुसता बसून राहतो.

काठी लिंबाच्या बुंध्याला तीन ठिकाणी बांधून उभी केली. २८ मेगाहर्ट्झसाठी, म्हणजे दहा मीटरच्या बँडसाठी, अर्ध्या तरंगलांबीची तार पाच मीटरच लागते, त्यामुळे ती हलकी असते. सोलापुराहून युरोप वायव्येला येतो, म्हणून तार ईशान्य-नैर्ऋत्य ताणली, म्हणजे तिचा जोर तारेला काटकोनात वायव्येकडे जातो. नऊ मीटर उंची ही सात मेगाहर्ट्झला अपुरी असते, पण दहा मीटरच्या बँडला ती जवळजवळ एक तरंगलांबी होते आणि लहरी क्षितिजाच्या जवळून निघतात. वारा सुटला की काठी लवत होती आणि परत येत होती, बुरुडाने सांगितल्याप्रमाणे.

हा बँड दर अकरा वर्षांनी खऱ्या अर्थाने जागा होतो. सूर्यावरील डाग वाढले की वरच्या थरातील आयनीभवन वाढते आणि एरवी आरपार निघून जाणाऱ्या २८ मेगाहर्ट्झच्या लहरी परत पृथ्वीकडे वळतात. सूर्याचे हे चक्र आपल्या शिखराच्या काळात पोहोचल्याचे नासाने ऑक्टोबरमध्येच जाहीर केले होते. माझ्या यंत्राची शक्ती मात्र या बँडवर घसरते. दहा वॉटचे जेमतेम चार-पाच राहतात. शाळेतल्या टॉर्चइतकी ही शक्ती.

दुपारभर ऑस्ट्रेलियाकडची आणि आग्नेय आशियातील स्थानके येत राहिली. मी हाका मारल्या, कोणी ऐकले नाही. मधे आगटी पेटली आणि हुरडा भाजला गेला. कणसे राखेत फिरवून, गरम असतानाच तळहातांवर चोळून, फुंकर मारून भूस उडवायची आणि दाणे पुढे करायचे, हे काम शेतमालकांचे वडील करत होते. त्यांचे हात पाहताना मी बराच वेळ रेडिओ विसरलो होतो. हंगामातला हा पहिलाच हुरडा, दाणा अजून दुधाळ होता. दही, गूळ आणि शेंगाचटणी यांच्याबरोबर आम्ही तो पोटभर खाल्ला.

लॉग लिहिण्याचे काम मुलीकडे दिले होते. आम्ही सगळ्या नोंदी जागतिक वेळेत करतो, म्हणून प्रत्येक वेळेतून साडेपाच तास वजा करावे लागतात, आणि ती ते तोंडी करत होती. मायक्रोफोन हातात घेण्याची तिची इच्छा होती. मला नाही म्हणावे लागले, कारण परवाना नसलेल्या व्यक्तीने प्रक्षेपण करता कामा नये आणि परीक्षेला बसण्यासाठी बारा वर्षे पूर्ण असावी लागतात. तिने वाद घातला नाही. दुसरा हेडफोन लावून ती माझ्याशेजारी बसली.

चार वाजून चाळीस मिनिटांनी, म्हणजे लॉगमध्ये अकरा-दहाला, इटलीतील एक स्थानक एकटेच हाक मारताना ऐकू आले. मी माझी कॉलसाइन दोनदा दिली. त्याने फक्त ‘व्हिक्टर युनिफॉर्म’, म्हणजे ‘व्हीयू’, एवढे धरले आणि पुन्हा विचारले. मी सावकाश, एकेक अक्षर सुटे करून सांगितले. मधे एकदा त्याचा आवाज खोल गेला आणि वर आला. तिसऱ्या खेपेस त्याने संपूर्ण कॉलसाइन बरोबर म्हटली आणि चौकोन विचारला. ‘एमके८७’ सांगितल्यावर क्षणभर शांतता होती, आणि मग त्याने इंग्रजीत विचारले की खात्रीने आठ-सात का, कारण हा चौकोन त्याच्याकडे नव्हता. मी खात्री दिली. रोमच्या परिसरापासून बोरामणीपर्यंतचे अंतर साडेसहा हजार किलोमीटर भरते; एवढ्या वाटेत लहरी आकाशातून निदान दोनदा परावर्तित होतात आणि मधे एकदा जमिनीला किंवा समुद्राला टेकतात. चार-पाच वॉट एवढा प्रवास करून त्या माणसाच्या कानापर्यंत गेले होते आणि तो इतके शांतपणे ऐकत होता की ते त्याने धरले.

त्यानंतर त्याने बहुधा इतरांना कळवले असावे, कारण अर्ध्या तासात ग्रीस, जर्मनी आणि पुन्हा इटली अशी सात स्थानके एकामागोमाग आली. सूर्य मावळायला पाच-दहा मिनिटे असताना बँड मंदावला. आम्ही काठी उतरवली.

रात्री घरी आल्यावर आजींच्या अडॅप्टरची तार मी माझ्याजवळच्या फेराइट कडीतून आठ वेढे देऊन गुंडाळली आणि माळ पुन्हा चालू केली. गच्चीवर जाऊन ऐकले. करकराट पूर्ण गेला नव्हता, पण आता त्यातून माणसे ऐकू येत होती.

सोमवार, २३ डिसेंबर

सकाळ छापखान्यात गेली. क्यूएसएल कार्डे, म्हणजे बोलणे झाल्याची पोच म्हणून आम्ही एकमेकांना पाठवतो ती पत्रे, मी यंदा सोलापुरात छापून घेतली. नऊ बाय चौदा सेंटिमीटरच्या कार्डावर चादरीच्या किनारीची नक्षी आहे, मामींच्या जुन्या लाल चादरीवरून काढलेली. पहिल्या छपाईत लाल रंग तपकिरीकडे झुकला होता. छापणाऱ्यांनी स्वतःहून तो सुधारून दिला.

बांबू मी मामांच्या गच्चीवर ठेवला आणि एक मोर्सची कळ व छोटा बझर मुलीकडे. दुपारच्या गाडीत बसलो तेव्हा सामान शेंगाचटणी आणि दोन चादरींनी वाढले होते.

मोहोळ गेल्यावर कार्डे भरायला घेतली. लॉगमध्ये तारीख, वेळ, कॉलसाइन, कंपनसंख्या, संदेश किती स्पष्ट आला ते, यांचे रकाने असतात आणि शेवटी शेऱ्याचा एक रकाना असतो, ज्यात मी सहसा हवामान किंवा अँटेना लिहितो. मुलीने रविवारच्या प्रत्येक नोंदीपुढे तो भरला होता. इटलीच्या पहिल्या स्थानकापुढे लिहिले होते, “विहिरीतून पारवे उडाले.” ग्रीसपुढे, “आजोबा झोपले.” दुसऱ्या इटलीपुढे, “आवाज आत गेला आणि आला.” शेवटच्या जर्मनीपुढे तिने सूर्याची वेळ लिहिली होती, जागतिक वेळेत, साडेपाच तास बरोबर वजा करून: “१२.२७, मावळला.”

मी तो शेरा जर्मनीच्या कार्डावर मराठीतच उतरवला.